वनाचे वय

संस्कृत वैद्यकग्रंथांतील ‘जांगल’ देश हा कोरडा, उघडा, विरळ झाडीचा आणि प्रकृतीला मानवणारा प्रदेश होय. काळवीट जेथे मोकळा चरतो तो जांगल देश; पाणथळ, दाट झाडीच्या व रोगट प्रदेशाला ‘आनूप’ अशी वेगळी संज्ञा आहे. हाच शब्द पुढे देशी भाषांत पडीक, झाडोऱ्याच्या जमिनीचा वाचक झाला आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात निबिड, दमट, श्वापदसंकुल अरण्याचा. आजचा मराठी वाचक ‘जंगल’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते हे तिसरे चित्र. शब्द घरचा, अर्थ मात्र परक्या मुलखात जाऊन, पालटून परत आलेला.

मराठीतील वनलेखनाचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याने हा अर्थपालट ध्यानात घ्यावयास हवा. अरण्य पाहणे ही जितकी डोळ्यांची बाब आहे तितकीच ती वाचनाची बाब आहे. मनुष्य वनात शिरतो तो आधी वाचलेली वने मनात घेऊनच. इंग्रजी वाङ्मयाने स्वतःच्या देशातील जुन्या वनाकडे मानवी इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहण्याची एक सूक्ष्म दृष्टी घडविली. त्याच वाङ्मयाने मध्य हिंदुस्थानातील वनाला इतिहासाच्या बाहेर ठेवले. असे का झाले, आणि या दोन वारशांपैकी मराठी लेखनाने कोणता उचलला, हा प्रश्न वनवर्णनांच्या सौंदर्यापुरता मर्यादित नाही. ज्या वनाला भूतकाळ नाही असे एकदा ठरते, त्यात राहणाऱ्या माणसांचा हक्कही त्याच वाक्यात पुसला जातो.

या विचारासाठी जबलपूरचे ठाणे सोयीचे आहे. नर्मदेच्या काठी, विंध्य व सातपुडा यांच्या मधल्या खोऱ्यात वसलेला हा परिसर म्हणजे गढा-मंडला या गोंड राज्याची भूमी. १७८१ मध्ये तो सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. मध्य हिंदुस्थानच्या वनांविषयीचे इंग्रजी वाङ्मय ज्या प्रदेशातून निघाले तो हाच. आणि ज्या वर्गांत इंग्रजी काव्यातील डॅफोडिल व ब्लूबेल यांच्याशी इकडील विद्यार्थ्याची गाठ पडली, त्यांपैकी एक, १८७३ मध्ये सागरहून जबलपुरास आलेल्या रॉबर्टसन कॉलेजातला. खिडकीबाहेर पळस फुललेला असता पुस्तकात ओक वृक्षाची पालवी पाहावयाची, असा तो दुहेरी अभ्यास होता.

२

इंग्लंडमधील जुने वन प्रत्यक्ष पाहावयास जाणाऱ्या भारतीय प्रवाशाचा पहिला अनुभव बहुधा अपेक्षाभंगाचा असतो. वन म्हणावे तर ते केवढेसे! पाऊण तासात आरपार चालून जावे. भोवताली झुडपांच्या कुंपणांनी आखलेली शेते, वळणावळणाची गाडीवाट, टेकडीआड डोकावणारा चर्चचा मनोरा. सातपुड्यातील घाट ज्याने उतरले आहेत त्याला हे वन एखाद्या मोठ्या आमराईइतके वाटावे.

परंतु जाणकार वाटाड्या मिळाला की हेच वन ग्रंथासारखे उलगडू लागते. कडेने जाणारा मातीचा बुटका बांध आणि त्याबाहेरचा बुजत आलेला चर ही त्या वनाची कित्येक शतकांपूर्वी आखलेली हद्द असते. आतली पुष्कळशी झाडे एका खोडाची नसतात. जमिनीलगतच्या एका रुंद खुंटातून पाच-सात खोडे वर गेलेली दिसतात. झाड बुंध्याशी तोडावयाचे, त्याला फुटवे येऊ द्यावयाचे, काही वर्षांनी ते फुटवे कुंपणासाठी, सरपणासाठी, कोळशासाठी तोडावयाचे आणि पुन्हा वाट पाहावयाची, अशी ही पद्धत. मधूनमधून काही ओक मात्र इमारती लाकडासाठी मोठे होऊ दिलेले असतात. वरची खोडे कोवळी असली तरी खालचा खुंट शेजारच्या उंच ओकाहून पुष्कळ जुना असू शकतो. तोड झालेल्या भागात ऊन पोहोचते आणि त्यानंतरच्या वसंतात प्रिमरोझ, अॅनिमोनी, ब्लूबेल या फुलांना बहर येतो. जी शोभा कवींना निसर्गाची निर्व्याज देणगी वाटली, ती कित्येक ठिकाणी कुऱ्हाडीच्या ठरलेल्या फेऱ्यांचे फळ आहे.

ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही वाचनपद्धती शास्त्रशुद्ध केली. त्याचा ‘एन्शन्ट वुडलंड’ हा ग्रंथ १९८० मधला आणि ‘द हिस्टरी ऑफ द कंट्रीसाइड’ १९८६ मधला. १०८६ च्या डूम्सडे नोंदींवरून त्याने असे अनुमान काढले की त्या काळी इंग्लंडची सुमारे १५ टक्के भूमीच वनाखाली होती. म्हणजे ‘पूर्वी सगळीकडे अरण्य होते आणि अलीकडे माणसाने ते नष्ट केले’ ही लाडकी कथा इंग्लंडपुरती तरी खरी नव्हती. वन आणि शेत नऊशे वर्षांपूर्वीच एकमेकांच्या शेजारी नांदत होते. आज इंग्लंडमध्ये ‘प्राचीन वनभूमी’ म्हणतात ती इ. स. १६०० पासून सलग वन राहिलेल्या भूमीला. झाडांच्या वयाचा यात संबंध नाही. भूमी आणि माणूस यांच्यातील व्यवहार किती काळ अखंड चालला, याचे हे मोजमाप आहे.

वाङ्मयाला ही दृष्टी शास्त्राच्या आधीच लाभली होती. गिल्बर्ट व्हाइट याच्या १७८९ मधील सेलबोर्नविषयक ग्रंथात गावामागच्या चढणीवरील बीच वृक्षांचे रान आणि गावातील माणसांचा दिनक्रम एकाच नोंदवहीत येतात. टॉमस हार्डीच्या ‘द वुडलंडर्स’ (१८८७) या कादंबरीच्या आरंभी मार्टी साऊथ ही मुलगी छपरे शाकारण्यास लागणाऱ्या लाकडी काड्या रात्री जागून तासीत बसलेली दिसते. वनाचे पहिले दर्शन वाचकाला तिच्या सोललेल्या हातांतून होते, हे हार्डीच्या कलादृष्टीचे मर्म आहे. त्या वनात श्रम आहे, मजुरी आहे, जमीनमालकाचा लोभ आहे. आणि त्यामुळेच त्याची शोकांतिका वनाचीही आहे, माणसांचीही.

३

ही दृष्टी जबलपुरास आली तेव्हा तिचे काय झाले?

आरंभ आशादायक होता. विल्यम स्लीमन याने १८३५ च्या अखेरीस जबलपुराहून हिमालयाच्या दिशेने प्रवास केला आणि १८४४ मध्ये त्याचे ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स’ प्रसिद्ध झाले. ग्रंथाचा प्रारंभ भेडाघाटच्या जत्रेने होतो. पुढे थोड्याच अंतरावर झाडांच्या लग्नाचे प्रकरण येते : ज्याने आमराई लावली त्याने एका आंब्याचे दुसऱ्या जातीच्या झाडाशी लग्न लावल्याखेरीज तिचे फळ चाखावयाचे नाही, ही या प्रदेशातील रूढी स्लीमन कुतूहलाने, काहीशा स्मिताने, परंतु आदर राखून सांगतो. ठगांचा बंदोबस्त करणारा हा अधिकारी साम्राज्याचा सेवक होता, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि त्याच्या पुस्तकातील झाडे कोणीतरी लावलेली आहेत, त्यांना मालक आहे, विधी आहे, नाते आहे. त्याने जबलपूरच्या परिसरात इंग्लंडच्या शिवारासारखाच एक वहिवाटीचा मुलूख पाहिला.

सत्तावीस वर्षांनी, १८७१ मध्ये, कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचा ‘द हायलंड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ निघाला. हा ग्रंथ मध्य हिंदुस्थानावरील इंग्रजी वाङ्मयातील एक समर्थ कृती आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांचे त्यातील वर्णन पुढे सरकारी गॅझेटिअरांतून पुनःपुन्हा उद्धृत झाले. साल आणि साग यांचे प्रदेश एकमेकांना कोठे भिडतात, याची त्याची जाण अस्सल निरीक्षकाची आहे. गोंडांची लिंगोगाथाही त्याने पद्यरूपात दिली. असे असूनही ग्रंथाचा सूर बदललेला आहे. वनाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत बी पेरण्याची जी पद्धत गोंड-बैगांत ‘दहिया’ किंवा ‘बेवर’ म्हणून चालत आली, ती फॉर्सिथला केवळ नासाडी वाटते. सोडून दिलेल्या जमिनीवर पुन्हा रान उठते, काही वर्षांनी तेथे परत येतात, हे चक्र इंग्लंडमधील फुटव्यांच्या तोडीशी ताडून पाहावे असे त्याला सुचत नाही. दोन्ही पद्धती एकच होत असे नव्हे. आगीचे रान आणि कुऱ्हाडीचे रान यांत अंतर आहे. परंतु एका ठिकाणी जिला परंपरा म्हटले गेले, तिच्याशी तुलना करण्याजोगेही दुसऱ्या ठिकाणी काही दिसू नये, हा दृष्टीचा दोष होय.

या दोषाला कायद्याचे बळ मिळाले. इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्यात ‘फॉरेस्ट’ हा शब्द झाडीचा वाचक नव्हता. राजाच्या शिकारीसाठी वेगळ्या कायद्याखाली ठेवलेली भूमी म्हणजे फॉरेस्ट, मग तीत झाडे असोत वा नसोत. १०७९ च्या सुमारास विल्यम राजाने राखून ठेवलेले न्यू फॉरेस्ट हे याचे प्रसिद्ध उदाहरण. झाडीला तेथील लोक ‘वुड’ म्हणत. हिंदुस्थानात १८६४ मध्ये जे खाते स्थापन झाले आणि १८७८ च्या कायद्याने ज्याला ‘राखीव वन’ ठरविण्याचे अधिकार मिळाले, ते फॉरेस्टचे खाते होते. ‘वुड’ हा इंग्रजी शब्द, त्यातील शेजारधर्मासह, बोटीवर चढलाच नाही. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात बैगांना बेवर करण्यासाठी एक मर्यादित टापू आखून देण्यात आला. ज्यांची ती सारी भूमी, त्यांना तिच्यात एक चौकट मिळाली.

आणि ही भूमी इतिहासहीन तर मुळीच नव्हती. १५६४ मध्ये अकबराच्या सरदाराशी लढताना राणी दुर्गावतीने देह ठेवला तो या परिसरात. जबलपुरातील राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे राणी, तिची दासी आणि तिचा मंत्री यांच्याशी परंपरेने जोडलेली आहेत. मदनमहालाची वास्तू आजही प्रचंड खडकांवर उभी आहे. इंग्लंडच्या वनातला बुजलेला चर जर दस्तऐवज ठरतो, तर गोंड राजांचे तलाव आणि रानात हरवलेली गढ्यांची जोती हीही दस्तऐवजच आहेत. ती वाचली गेली नाहीत, इतकेच.

४

एकाच लेखकाच्या दोन वनांत हा विरोध पराकोटीला पोहोचलेला दिसतो. रडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोगलीचे रान म्हणजे जबलपूरच्या दक्षिणेकडील सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगेचे खोरे. या टेकड्या किपलिंगने प्रत्यक्ष पाहिलेल्या नव्हत्या, असे त्याचे अभ्यासक मानतात. रॉबर्ट स्टर्नडेल याच्या १८७७ मधील ‘सिवनी’ या पुस्तकाचा आणि इतरांच्या लेखनाचा त्याला आधार मिळाला. मोगलीच्या पहिल्या कथा त्याने अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लिहिल्या.

कल्पनेने उभारलेले वन म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. प्राण्यांचा कायदा, कळपाची निष्ठा, मनुष्यपुत्राचे दुहेरी नागरिकत्व यांतून किपलिंगने एक स्वयंपूर्ण पुराणकथा रचली आहे. प्रश्न आहे तो या पुराणकथेत माणसाला कोणते स्थान मिळते हा. गावचा शिकारी बुलदेव हा बढाईखोर व भित्रा. वनाविषयी त्याला जे ठाऊक आहे ते सारे खोटे. गाव म्हणजे अंधश्रद्धा आणि लोभ. दुसऱ्या भागातील एका कथेत मोगली प्राण्यांकरवी ते गावच उद्ध्वस्त करवितो; शेते तुडविली जातात, घरे पडतात आणि पावसाळ्यानंतर तेथे रान माजते. वन आणि गाव एकमेकांचे शत्रू आहेत, आणि एकाच्या विजयात दुसऱ्याचा अंत आहे, हे या कथेचे गृहीत आहे. त्याहूनही सूचक आहे ती १८९३ मधली ‘इन द रुख’ ही कथा. तीत तरुण मोगली अखेर सरकारी जंगलखात्यात पगारी चाकर होतो. गावाने नाकारलेल्या, कळपाने वाढविलेल्या या मुलाला शेवटी आसरा मिळतो तो खात्यात!

आता याच लेखकाचे दुसरे वन पाहावे. १९०२ मध्ये किपलिंगने ससेक्स परगण्यातील बरवॉश गावाजवळ बेटमन्स नावाचे सतराव्या शतकातील घर घेतले आणि १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. हा प्रदेश जुन्या वनांचा. तेथील लोखंडाच्या भट्ट्यांना शतकानुशतके याच वनांनी कोळसा पुरविला. या शिवारातून ‘पक ऑफ पूक्स हिल’ (१९०६) आणि ‘रिवॉर्ड्स अँड फेअरीज’ (१९१०) ही दोन पुस्तके निर्माण झाली. दोन मुले घरामागच्या रानात खेळतात आणि पक नावाचा वनदेव त्यांच्यापुढे त्या भूमीतून एकेक काळ उभा करतो : रोमन शिपाई, नॉर्मन सरदार, भट्टीवाले, चोरटा व्यापार करणारे. वनातील प्रत्येक ओहोळाला आणि वळणाला तारीख आहे. आणि या साऱ्याचा साक्षी कोण? तर हॉब्डेन हा कुंपणे सावरणारा म्हातारा मजूर. त्याचे ज्ञान खरे. जमिनीचे कागद कोणाच्याही नावावर असोत, भूमी जाणणारा तो. १९१० च्या पुस्तकातील एका कवितेचा विषय तर सत्तर वर्षांपूर्वी बंद झालेली वनातली वाट हाच आहे. वाट बुजली, तिच्यावर झाडे उभी राहिली, तरी ती चालणाऱ्यांचा कानोसा रात्री लागतो.

हॉब्डेन आणि बुलदेव हे व्यवसायाने एकमेकांचे भाऊच होत. दोघेही रानाच्या कडेला राहणारे, रानावर अर्धेअधिक पोट भरणारे, चोरून शिकार करण्यास न कचरणारे. एकाला किपलिंग भूमीचा आत्मा करतो, दुसऱ्याला विदूषक. ज्या वनात तो स्वतः चालला त्याला त्याने वय दिले. जे वाचून रचले त्याला काळाबाहेर ठेवले. साम्राज्यवादी पूर्वग्रह हे याचे एक कारण खरेच. परंतु वाङ्मयसमीक्षेने येथे अधिक नेमके कारण सांगावयास हवे. वनाचा इतिहास हा तेथे राहून, तेथील माणसाचे बोलणे ऐकूनच कळतो. पुस्तकातून कळते ते त्याचे गूढ. गूढ लवकर शिळे होते, म्हणून त्याला सतत अधिक निबिड, अधिक आदिम करावे लागते.

५

किपलिंगच्या वैनगंगेचे पाणी महाराष्ट्रात येते. सिवनीतून निघून ती भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीच्या मुलखातून वाहते. आणि मराठी वनलेखनातील दोन महत्त्वाची स्थळे, नागझिरा व नवेगावबांध, याच नदीच्या खोऱ्यात आहेत. नदी एक, परंतु तिच्या काठची मराठी दृष्टी कोणती?

आधुनिक मराठी निसर्गकवितेचा आरंभ इंग्रजी रोमँटिक काव्याच्या संस्कारातून झाला, हे सर्वमान्य आहे. बालकवींची (१८९०–१९१८) प्रतिभा स्वतंत्र, तरल आणि इंद्रियसंवेदी होती. तथापि त्यांच्या कवितेतील निर्झर आणि हिरवळ कोणत्या गावच्या हद्दीत आहेत, हे विचारण्याची सोय ती कविता ठेवीत नाही. इंग्रजी शिवाराचा प्रकाश मराठीने घेतला, त्याचा बांध आणि चर घेतला नाही. पाठ्यपुस्तकातून झालेल्या वनदर्शनाची ही मर्यादा होय.

दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्यापाशी हे चित्र बदलते. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत असताना झालेल्या विषबाधेमुळे त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. पुढे १९५६ मध्ये ‘ऋतुचक्र’ आले. या लेखनात झाड हे केवळ दृश्य नाही. त्याला लोककथा आहे, व्रत आहे, संस्कृत काव्यातील स्मृती आहे, बाजारात त्याच्या फुलाला भाव आहे. १९६५ मध्ये त्यांनी थोरोचा ग्रंथ ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला, हाही योगायोग नव्हे. थोरोला एकांताचा ऋषी मानण्याची प्रथा आहे. परंतु त्याच्या ग्रंथातील एक प्रकरण त्या वनात पूर्वी राहून गेलेल्या, नामशेष झालेल्या गरीब माणसांविषयी आहे. वॉल्डनचे वनही वस्तीचेच वन होते. लोकसाहित्याच्या अभ्यासिकेला थोरो जवळचा वाटला त्यात या जाणिवेचा वाटा असला पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची दृष्टी चित्रकाराची आणि पूर्वाश्रमीच्या शिकाऱ्याची. ‘नागझिरा’ या पुस्तकात त्यांनी बंदुकीच्या जागी वही आणि कुंचला घेतला, हे मराठी वनलेखनातील एक नैतिक वळण होते. वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्राण्याला मानवी नीतीचे मुखवटे न चढविता त्याचे जगणे सांगण्यात त्यांनी किपलिंगला मागे टाकले, असे निःशंकपणे म्हणता येते. तरीही त्यांच्या वनात माणूस बहुधा पाहुणा म्हणून येतो : शहरातून आलेला, मौनासाठी आसुसलेला. या एकांताचे सौंदर्य निर्विवाद आहे. पण ज्याला माणदेशच्या माळाचा प्रत्येक खडा ठाऊक, ज्याच्या ‘बनगरवाडी’त मेंढपाळांच्या वस्तीचा सारा काळ साठला आहे, त्याच लेखकाच्या हातून वनाला मात्र तितके वय का मिळू नये, हा प्रश्न राहतो. उत्तर कदाचित साधे आहे. माणदेश हे त्यांचे रान होते. नागझिरा त्यांचे जंगल.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी. म्हणजे वनखात्याच्या परंपरेचे वारस. त्यांनी इंग्रजी पक्षिविद्येतील संज्ञांसाठी मराठी शब्द घडविले. कावळ्यांच्या वीणवसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. पैकी पहिल्यामागील इंग्रजी शब्द हा इंग्लंडच्या शिवाराचा खास शब्द आहे : गावाशेजारच्या उंच एल्म वृक्षांवर रूक जातीच्या कावळ्यांची गजबजलेली घरटी. अशा शब्दांची रचना डौलदार आहे. परंतु चितमपल्लींचे खरे ऋण वेगळे. गोंड, कोहळी, पारधी, ढीवर यांच्या तोंडची झाडांची, पाखरांची, माशांची नावे आणि त्यांमागचे ज्ञान त्यांनी मराठी गद्यात आणले. नवेगावबांधचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. भंडारा-गोंदियाच्या मुलखात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचे ते काम. ज्या पाण्यावर हजारो पाखरे उतरतात ते पाणीच मुळी मानवी कर्तृत्वाचे, ही गोष्ट त्यांच्या लेखनात दडवलेली नाही. खात्याचा माणूस खात्याच्या चौकटीबाहेर जाऊन बुलदेवाचे ऐकू लागला, असे या लेखनाचे महत्त्व थोडक्यात सांगता येईल. त्यांच्या गद्यात कधीकधी गूढाचा मोह डोकावतो. तेवढ्यापुरते ते वन पुन्हा वयहीन होते. जेथे ते नाव, जात, हंगाम आणि सांगणारा माणूस यांना धरून राहतात, तेथे मराठी वनलेखन त्याच्या सर्वोच्च बिंदूवर असते.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. वन हे माणसाच्या हाताने घडले असे म्हणू लागले, तर ते हवे तसे मोडण्याचा परवानाच मिळत नाही काय? ‘अस्पर्श’ या शब्दात निदान संरक्षणाची प्रेरणा तरी आहे.

इतिहासाचा दाखला याच्या विरुद्ध पडतो. इंग्लंडमधील जुनी वने शेकडो वर्षे टिकली ती उपयोगात होती म्हणून. त्यांचा मोठा नाश झाला तो विसाव्या शतकात, त्यांतील कित्येक तोडून तेथे सूचिपर्णी वृक्षांच्या एकजिनसी लागवडी केल्या गेल्या तेव्हा. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तरात सालाच्या जागी पाइन लावण्याची योजना निघाली आणि लोकांच्या विरोधामुळे ती सोडून द्यावी लागली. दोन्हीकडे वन म्हणजे कोरी पाटी, असेच गृहीत होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा उरलेल्या मोठ्या वृक्षांचे रक्षण गावाच्या श्रद्धेने आणि नियमाने केलेले आढळले. वयाची जाण ही नाशाचा परवाना नसून जबाबदारीची सनद आहे.

इंग्रजी आदर्शालाही डोळे झाकून मान देण्याचे कारण नाही. ससेक्सच्या शिवाराचे किपलिंगने केलेले चित्र फार सलोख्याचे आहे. सामायिक जमिनी कुंपणात गेल्याने देशोधडीला लागलेले शेतमजूर त्यात अंधुक होतात. हॉब्डेनला भूमीचा आत्मा म्हटले म्हणून त्याला भूमी मिळत नाही. वनाचा इतिहास म्हणजे त्यातील गोड आठवणींची माळ नव्हे. त्यात दंड, हद्दी, भूक आणि विस्थापन यांच्याही नोंदी असतात.

मराठी लेखकाला हा धडा परभाषेतून घ्यावयाचीही गरज नाही. तो मराठीच्या एका शब्दात आहे. ‘अरण्य’ या शब्दापासून ‘रान’ आला. परंतु ‘रानात गेला’ असे शेतकऱ्याच्या घरी म्हणतात तेव्हा तो शेतावर गेलेला असतो. पेरलेली जमीनही रान, गुरे चारण्याची जागाही रान आणि झाडीही रानच. वन आणि शिवार यांच्यामध्ये भिंत न घालणारा हा शब्द ‘जंगल’ या शब्दाहून किती तरी शहाणा आहे. मराठी वनलेखनाने जंगलाचा हव्यास सोडून रानाकडे वळावे, इतकेच समीक्षेचे मागणे असू शकते.

नर्मदेच्या काठी मराठी माणूस पूर्वापार चालत आला आहे तो परिक्रमेसाठी. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने या चालण्याला मराठीत चिरस्थायी रूप दिले. त्यातील परिक्रमावासी पुढे पाहून चालतो. भूमी त्याच्यासाठी तपाची वाट आहे आणि भेटणारी माणसे हीच तिची खरी वस्ती. जबलपुरात जन्मलेल्या आणि तेथेच आयुष्य काढलेल्या अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी हीच वाट वेगळ्या रीतीने चालली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकलेला हा चित्रकार १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपुराहून मंडल्याकडे निघाला आणि पुढे वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी चालत राहिला. हिंदी व गुजराती या दोन्ही भाषांत त्याने लिहिले; ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या लेखनात पुण्याचा हिशेब नाही आणि शिकाऱ्याचा थरारही नाही. काठावरचे गाव, नावाडी, रानातली पायवाट, भाकरी देणारी बाई यांची नोंद आहे. जी पुढे कोणाला पाहावयास मिळणार नाहीत, या जाणिवेने केलेली.

ती जाणीव खरी ठरली. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण १९९० मध्ये पूर्ण झाले आणि जबलपूर-मंडला यांमधील नदीकाठचा मोठा पट्टा, शेतांसह, रानांसह, गावांसह, पाण्याखाली गेला. किपलिंगची बुजलेली वाट झाडांखाली आहे, वेगडांची पाण्याखाली. ससेक्सच्या वनातील वाटेवर घोड्यांच्या टापा ऐकू येतात, कारण एका कवीने तिची तारीख लिहून ठेवली. नर्मदेच्या तळाशी गेलेल्या वाटेवर कोण चालले होते, हेही लिहून ठेवलेले आहे. ते वाचणारी समीक्षा मराठीत घडावी, कारण या नदीच्या काठी शतकानुशतके चाललेल्यांत मराठी पावलेही पुष्कळ होती.